गळ्यातला मूग

बायको स्टुडिओत आली तेव्हा फोटोग्राफर कॉम्प्युटरवर एका गृहस्थांच्या नाकावरचा मस पुसण्यात गुंग होता. तिने आपला फोटो त्याच्या पुढ्यात टाकला.

"घ्या. पासपोर्टवाल्यांनी परत पाठवलाय. ओळखीची खूण लिहिलीय हनुवटीवर तीळ, आणि फोटोत तीळच नाही. विचारतायत, ही बाई कोण?"

फोटोग्राफराने फोटो उजेडात धरून पाहिला. "फोटो तर झकास आलाय."

"झकासच आलाय. फक्त माझा आलेला नाही."

फोटोग्राफराचा इलाज नव्हता. त्याला डाग सहन होत नसे. गल्लीत त्याला सगळे 'टचअप' म्हणूनच ओळखत, आणि त्यालाही त्या नावाचा अभिमान होता. त्याच्या हाताखालून गेलेल्या माणसाला ना सुरकुती उरे, ना व्रण, ना वय. एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्याने असे काही तरुण केले होते, की पेन्शनच्या खिडकीवरच्या माणसाने त्यांना "वडील नाही आले का?" असे विचारले. मुख्याध्यापक रागावले, पण घरी जाऊन त्यांनी त्याच फोटोच्या आणखी प्रती मागवल्या.

बायकोच्या तिळाचे दुखणे मात्र जुने होते. लग्न ठरले तेव्हा टचअपने स्वतः तिचा फोटो काढला आणि तीळ पुसून तिला भेट दिला. "तीळ कुठे गेला?" असे तिने लाजत विचारल्यावर तो कौतुकाने म्हणाला होता, "फोटोत डाग बरा दिसत नाही." पुढे लेक झाली, मोठी झाली, लग्न करून दूरदेशी गेली, पण तो 'डाग' बायको अजून विसरली नव्हती.

आता त्या लेकीचेच दिवस भरत आले होते. बाळंतपणाला आई हवी, असा तिचा हट्ट होता आणि आईचा तर त्याहून मोठा. तिकीट काढून झाले होते. पलंगावर बॅग उघडी पडलेली होती आणि बायको येता-जाता तिच्यात काहीतरी टाकत होती, झबली, दुपटी, पुन्हा झबली. फक्त पासपोर्टचे तेवढे अडले होते.

"त्यात काय, आत्ता काढतो नवा," असे म्हणून टचअप कॅमेऱ्याकडे वळला आणि जागच्या जागी "आई गं!" करून थांबला. मान लचकली होती. डावीकडे वळलेली मान उजवीकडे यायला तयार नव्हती.

लोकांना "हनुवटी खाली, मान जरा डावीकडे" असे सांगताना आधी स्वतः करून दाखवायची त्याची सवय. इतक्या वर्षांत त्याने गावातल्या प्रत्येक माणसाच्या वाटची मान वाकवली होती. ती आज संपावर गेली. मान वळेना म्हणून कॅमेऱ्यात बघता येईना, कॅमेऱ्यात बघता येईना म्हणून बायकोचा फोटो होईना. दुसऱ्या कोणाकडून काढून घे म्हणावे, तर त्यापेक्षा मान तुटलेली बरी, असे त्याचे मत होते.

शेवटी नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासले आणि मानेचा स्कॅन करायला पाठवले. बोगद्यासारख्या मशीनमध्ये घालून, ठोकल्याचे आवाज ऐकवून, त्याच्या मानेचे फोटो काढण्यात आले. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"मान ठीक आहे तुमची. वयाप्रमाणे झिजलीय, शेक द्या आणि व्यायाम करा. पण फोटोत दुसरंच काहीतरी आलंय."

"दुसरं म्हणजे?"

"मानेच्या पुढच्या बाजूला थायरॉईडची ग्रंथी असते ना, ती कोपऱ्यात आलीय. तिच्यात बारीकशी गाठ दिसते."

"पण आपण तर मणके बघत होतो!"

"हो ना. एक शोधायला गेलं की दुसरं दिसतं, असं पुष्कळदा होतं. घाबरू नका. एकदा गळ्याची सोनोग्राफी तेवढी करून घ्या."

टचअप धंद्यातला माणूस, त्यामुळे त्याला हे चटकन समजले. घरातल्या सगळ्यांचा फोटो घ्यावा आणि मागे शेजाऱ्यांचे दोरीवरचे धुणे यावे, तसेच हे. मात्र हे धुणे त्याच्या स्वतःच्या गळ्यात होते, म्हणून त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

बायकोला न सांगता तो सोनोग्राफी करून आला. तिथल्या डॉक्टरांनी गळ्याला गार जेली फासली, यंत्र फिरवले आणि हसून सांगितले, "मुगाएवढी आहे. दिसायला अगदी साधी, गरीब. हिला हात लावायचा नाही, फक्त लक्ष ठेवायचं. वर्षभराने परत बघू."

"पुसता... म्हणजे, काढून टाकता नाही येणार?"

"कशाला? ती तुम्हाला त्रास देत नाहीये, तुम्ही तिला देऊ नका."

टचअपचा जीव भांड्यात पडला, पण पुरता पडला नाही. घरी काय सांगायचे? त्याची बायको म्हणजे नवऱ्याची उचकी थांबेना म्हणून सख्ख्या भावाच्या लग्नातून मधूनच परत आलेली बाई. 'गाठ' हा शब्द कानावर पडला, की ती पलंगावरची बॅग रिकामी करणार आणि तिकडे लेक एकटी पडणार, हे त्याला स्वच्छ दिसत होते. लेकीचा फोनवरचा "आई, येतेस ना गं नक्की?" हा आवाज त्याच्या कानात होता. बायकोने निश्चिंत मनाने जावे, एवढेच त्याला हवे होते. तेव्हा गळ्यात मुगाएवढी गाठ घेऊन तो मूग गिळून गप्प बसला.

पण शर्ट गप्प बसला नाही.

"कॉलरला हे काय खळीसारखं कडक झालंय?" बायकोने धुण्याच्या बादलीपाशी उभे राहून विचारले.

"सोनोग्राफीची जेली," टचअप पेपर वाचता वाचता बोलून गेला.

बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. "कसली सोनोग्राफी?"

"मानेची. स्नायूंची. नेहमीचीच असते ती. मान दुखली की करतात."

"मग फोटो दाखवा."

"स्टुडिओत राहिला. उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी टचअपने स्टुडिओचे शटर अर्धे ओढले आणि सोनोग्राफीचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला. नशिबाने सेंटरवाले ज्या चकचकीत कागदावर फोटो देत, तोच कागद त्याच्याकडेही होता. मूग पुसायला त्याला एक मिनिटही लागले नाही. इथेच तो थांबला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण हात थांबेना. मूग गेल्यावर त्याच्या शेजारची खरखर डोळ्यात खुपू लागली, म्हणून त्याने ती गुळगुळीत केली. मग डावी बाजू उजवीपेक्षा जाड वाटली, म्हणून दोन्ही सारख्या केल्या. आणि मग त्याचे लक्ष मधोमध गेले. तिथे एक भला मोठा काळा डाग होता. एवढा मोठा डाग डॉक्टरांनी खपवून कसा घेतला, याचे त्याला नवल वाटले. त्याने तोही आजूबाजूच्या करड्या रंगाने छान भरून टाकला. झालेल्या कामाकडे मान वाकडी करून (ती होतीच वाकडी) त्याने समाधानाने पाहिले. इतका देखणा गळा त्या मशीनमधून आजवर निघाला नसेल.

संध्याकाळी बायकोने तो फोटो बराच वेळ न्याहाळला. एकदा फोटोकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे.

"रिपोर्ट लेखी देतात ना?"

"तो यायचाय. पण फोटोतच दिसतंय की, सगळं स्वच्छ आहे."

"हो," बायको म्हणाली. "स्वच्छ आहे खरं."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याला न सांगता, ती फोटो पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यासमोर धरला. "हं, ती कुठेय बघू या..." असे काहीतरी पुटपुटत त्यांनी तो जवळ नेला, लांब नेला, उलटा केला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"वहिनी, तुमचे मिस्टर श्वास घेतात ना?"

बायको म्हणाली, "घेतात की. घोरतातसुद्धा."

"मग कुठून घेतात? ह्या फोटोत श्वासनलिकाच नाहीये! मधोमध काळी दिसायला हवी, ठळक. ही गेली कुठे?"

फोटो तिथेच सोडून बायको तडक घरी निघाली, आणि डॉक्टरीणबाईंनी लगेच सोनोग्राफी सेंटरला फोन लावला. सेंटरवाल्यांनी आपल्या मशीनमधला मूळ फोटो उघडून बघितला. त्यात श्वासनलिका जागच्या जागी होती. याचा अर्थ छापताना गेली! तिकडे एकच धावपळ उडाली. ज्या प्रिंटरमधून एका माणसाची श्वासनलिका गळते, त्याने बाकीच्यांचे काय काय गाळले असेल? त्या आठवड्यात फोटो काढून गेलेल्या सगळ्यांना फोन गेले: फोटो घेऊन या, ताडून बघायचेत. प्रिंटरच्या कंपनीच्या इंजिनियरलाही बोलावणे धाडले.

यातले काहीच टचअपला ठाऊक नव्हते. दुपारी जेवायला घरी आला, तर बायको दारातच उभी.

"डॉक्टर म्हणाल्या, तुम्हाला श्वासनलिका नाही."

टचअपचा श्वास, जिथून कुठून तो येत होता तिथेच, अडकला. त्याच्या डोळ्यांपुढे तो मधला काळा डाग उभा राहिला. करड्या रंगाने छान भरून टाकलेला.

"असं कसं होईल? हे बघ, घेतोय ना मी श्वास!" त्याने छाती भरून श्वास घेऊन दाखवला, सोडून दाखवला. बायकोचे समाधान झाले नाही. जेवताना ती समोर बसून त्याचा प्रत्येक घास कुठून जातो हे बघत राहिली. त्याला ठसका लागला तर ताट सोडून उठली. वामकुक्षीच्या वेळी त्याने डोळे किलकिले करून पाहिले, तर ती त्याच्या नाकापाशी पावडरच्या डबीतला आरसा धरून बसली होती.

त्याने कूस बदलली. खरे सांगावे तर गाठ निघते, न सांगावे तर श्वासनलिका नाही, अशा पेचात तो सापडला होता. थोड्या वेळाने आतून बायकोचा हलका आवाज ऐकू आला. ती लेकीशी फोनवर बोलत होती.

"नाही गं, बाबांना काही झालेलं नाही. पण थोडं थांबावं लागेल असं दिसतंय. तू काळजी करू नकोस. सासूबाईंना विचारून बघ, त्या येतील का..."

तो उठून पाहतो, तर पलंगावरच्या बॅगेचे झाकण लावलेले होते आणि झबल्यांची चळत कपाटाच्या वरच्या फळीवर गेली होती. टचअपला भडभडून आले. जे होऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, तेच त्याने आपल्या हाताने, आणि तेही इतक्या सफाईने, करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सेंटरने त्यांनाही बोलावले. वाट बघायच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. जो तो आपापले पाकीट छातीशी धरून बसला होता. पित्ताशयाचे खडे असलेले एक आजोबा "माझे खडे पण छापताना पडलेले असतील तर बरं होईल" म्हणत होते. एक बाई पोटुशी होती आणि तिच्या नवऱ्याला आता नक्की एकच मूल आहे ना, याची खात्री करून घ्यायची होती. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या. खोलीच्या मधोमध, टेबलावर, टचअपचा देखणा गळा ठेवलेला होता.

टेबलाच्या एका बाजूला फोटो छापणाऱ्या टेक्निशियन बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण आवाज खणखणीत होता.

"इतकी वर्षं झाली मला इथे. एक नस इकडची तिकडे झाली नाही माझ्या हातून. अख्खी श्वासनलिका कशी हरवेल? आणि साहेब म्हणतात, उद्यापासून छपाईला बसू नका!"

टचअपने बायकोच्या आड सरकून मान खाली घातली. वळत नव्हती तरी खाली जात होती, हे त्यातल्या त्यात बरे.

इंजिनियरने भिंग काढून फोटो तपासला. "आमच्या मशीनचा दोष नाही हा," तो शेवटी म्हणाला. "हे कुणीतरी ब्रशने भरलंय."

"ब्रशने?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कॉम्प्युटरवरच्या. कुणीतरी नवशिका असणार. फारच कच्चं काम आहे. हे बघा, कडेला रंग फिसकटलाय."

टचअपने ओठ घट्ट मिटून घेतले. माणसाने श्वासनलिकेशिवाय किती सोसावे, यालाही मर्यादा असते.

"दाखवा कुठे फिसकटलाय!" तो गर्दीतून वाट काढत पुढे आला. "कुठेय कड? सांगा ना! एवढं सफाईदार भरलंय, भिंगातून नव्हे, दुर्बिणीतून बघितलंत तरी..."

मग तो थांबला. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. टेक्निशियन बाईंचे कमरेवरचे हात हळूहळू खाली आले.

"तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

टचअपने एका दमात सगळे सांगून टाकले. मूग, बॅग, लेक, अर्धे शटर, काळा डाग. "तो डाग श्वासनलिका आहे हे मला काय माहीत! मला वाटलं, घाण आलीय फोटोत. बाई, मला माफ करा. तुमचं काम चोख आहे. मूळ फोटो पाहिलाय ना मी, एकही रेष हललेली नाही."

टेक्निशियन बाईंनी नाक ओढले. "कड मात्र फिसकटलीय हं," त्या म्हणाल्या, आणि खोलीत हशा पिकला. सेंटरच्या साहेबांनी त्यांची सर्वांसमक्ष माफी मागितली. आजोबा तेवढे खट्टू झाले, कारण त्यांचे खडे शाबूत निघाले होते.

टचअपला आता बायकोकडे बघायचे धैर्य होत नव्हते. पण तिचा आवाज शांत होता.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"तुमचा हात आहे ते. इतकं गुळगुळीत दुसरं कोण करतं? माझी हनुवटी बघतेय ना मी इतकी वर्षं. तुम्ही काहीतरी पुसलंय हे दिसत होतं, पण काय पुसलंय ते कळेना. म्हणून तर डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या श्वासनलिका, म्हणजे मला वाटलं तिलाच काहीतरी भयंकर झालंय." ती त्याच्याकडे वळली. "मला सांगायचं नाही का हो? मी काय कुणी परकी आहे?"

"तू गेली नसतीस ना."

"नसतेच गेले," बायको म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

डॉक्टरीणबाईंनी मूळ फोटो मागवला आणि दोघांना समोर बसवले. तो मूग त्यांनी पेन्सिलच्या टोकाने दाखवला, कडा कशा नीट आहेत, आत कसे काही वावगे नाही, हे समजावले. "असे मूग पुष्कळांच्या गळ्यात असतात, वहिनी. कुणी बघायला जात नाही म्हणून कुणाला कळत नाही. यांचा दिसला तो मान लचकली म्हणून. ह्याला हात लावायचा नाही, लक्ष ठेवायचं. तुम्ही खुशाल जाऊन या. तुम्ही आल्यावरसुद्धा तपासायला अजून कितीतरी महिने असतील."

बायकोने मुगाकडे टक लावून पाहिले. "एवढासाच?" ती म्हणाली. पुसलेल्या फोटोने जे साधले नव्हते, ते न पुसलेल्याने साधले. घरी आल्यावर तिने चपला काढायच्या आधी कपाटाच्या वरच्या फळीवरून झबली खाली काढली.

मग ती स्टुडिओत स्टुलावर येऊन बसली. टचअपने मान नव्हे तर अख्खे अंग वळवून कॅमेरा लावला आणि फोटो काढला. फोटो कॉम्प्युटरवर उघडला, तेव्हा बायको त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. त्याचा हात सवयीने हनुवटीकडे गेला आणि तिळावर येऊन थबकला.

"हात?" बायकोने मागून विचारले.

"लावायचा नाही."

"मग काय करायचं?"

"लक्ष ठेवायचं," टचअप म्हणाला, आणि त्याने ते ठेवले. इतक्या वर्षांत प्रथमच तो त्या तिळाकडे नीट बघत होता. तो बरोबर मधोमध नव्हता, किंचित डावीकडे होता, आणि ती हसू दाबत असल्यामुळे जरासा वर सरकला होता. काढून टाकण्यासारखे त्यात काय होते, हे त्याला सांगता आले नसते.

"चांगला दिसतो गं," तो म्हणाला.

"आत्ता दिसला!" बायको म्हणाली. मग पडद्याकडे वाकून बघत हळूच म्हणाली, "डोळ्यांखाली तेवढं जरा काळं दिसतंय का हो?"

"पासपोर्टवाले परत पाठवतील," टचअपने ठामपणे सांगितले आणि छापायची आज्ञा दिली.

पासपोर्ट वेळेवर आला. निघायच्या दिवशी गाडी दाराशी उभी असताना तिने बॅगेचा वरचा कप्पा उघडून शेवटची एक वस्तू आत सरकवली. टचअपने पाहिले, तो सोनोग्राफीचा मूळ फोटो होता.

"हा कशाला नेतेस? तिकडच्या डॉक्टरांना दाखवायला?"

"छे. तुमचा एखादा फोटो नको का जवळ? लेकीने विचारलं, बाबा कसे आहेत, तर काय दाखवू?" तिने कप्प्याची चेन ओढली. "घरात शोधशोध शोधलं. टचअप न केलेला तुमचा हा एवढा एकच निघाला."

टचअपने बॅग उचलून गाडीत ठेवली. गाडी निघाली, कोपऱ्यावरून उजवीकडे वळली, आणि काचेतून हलणारा हात शेवटपर्यंत बघायला तोही झटक्यात उजवीकडे वळला.

"आई गं!" तो ओरडला. मान अजून तशीच दुखत होती, आणि इतक्या दिवसांत तिची चौकशी कोणीच केली नव्हती.